शॉकअपचा स्क्रू फिरवण्याआधी टेप लावा

संपादक महोदय,

मोटारसायकलस्वार सी. एस. संतोष यांनी २०१५ साली लांब पल्ल्याची खडतर डाकार रॅली पूर्ण केली, २०२४ मध्ये हरित नोआ यांनी तिथे रॅली-२ गटात पहिला क्रमांक पटकावला, आणि आपल्याकडच्या तरुणांत डर्ट बाईकची आवड चांगलीच रुजली. नागपूरच्या भोवतीही हिंगणा, उमरेड, काटोल, रामटेकच्या बाजूला बरडावर आणि पांदण रस्त्यांवर रविवारी सकाळी या गाड्या हमखास दिसतात. त्यांच्यावर खर्चही सढळ हाताने होतो. सायलेन्सर बदलतात, बटन टायर चढवतात, हॅण्डगार्ड, दिवे, स्टिकर सगळे येते. पण गाडीचे सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारे पुढचे फोर्क आणि मागचा शॉकअप, चालकाच्या वजनाला बसवून घेण्याचे काम जवळपास कोणी करत नाही. त्याला अर्धा तास, मोजायचा एक टेप आणि दोन मित्र पुरतात. या गाड्या चालवणारे आणि त्यांची कामे करणारे आम्ही काही जण हा विषय आपल्या स्तंभातून जरा सविस्तर मांडू इच्छितो, कारण या एका दुर्लक्षामुळे पडणारे, मनगट दुखवून घेणारे आणि चांगली गाडी 'कडक आहे' म्हणून विकून टाकणारे पुष्कळ आहेत.

मुळात कंपनीतून आलेली स्प्रिंग कोणा एका ठरावीक वजनाच्या माणसासाठी असते. परदेशी मोटोक्रॉस गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तसा तक्ताच दिलेला असतो : इतक्या वजनाच्या चालकाला ही स्प्रिंग, तितक्या वजनाला ती. गाडीत बसवून येते ती साधारण ७०-८० किलोच्या माणसासाठीची. रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणाऱ्या आपल्या ड्युअल-पर्पज गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांची स्प्रिंग एकटा चालक, दोघे जण आणि सामान या सगळ्यांना पुरेल अशी मधली निवडलेली असते. त्यामुळे ५५ किलोचा मुलगा आणि ९५ किलोचा माणूस एकच गाडी घेऊन एकाच टेकडीवर गेले, तर दोघांपैकी निदान एकाच्या हाताखाली ती गाडी चुकीची आहे. मित्राच्या गाडीचे 'सेटिंग' विचारून आपल्या गाडीला लावणे म्हणूनच निरर्थक.

पहिली पायरी मोजण्याची आहे, पण मोजण्याआधी गाडी मोजण्यालायक हवी. स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) आणि लिंकेज (त्याला शॉकअपशी जोडणारे सांधे) यांचे बेअरिंग कोरडे असतील, गंजलेले असतील, तर मागचे चाक अडखळतच वर-खाली होते आणि आकडा दर वेळी वेगळा येतो. काळ्या मातीतून पावसाळाभर फिरलेली गाडी ग्रीस न करता दिवाळीला बाहेर काढली की हेच दिसते. चेन फार ताणलेली असेल तर स्विंगआर्म पूर्ण वर जाऊच शकत नाही. चेनच शॉकअपचे काम अडवते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो तो निराळा. पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्म ज्यावर फिरतो तो पिव्होट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणलेली असते, तेव्हा तिथे थोडी ढील राहिलीच पाहिजे. टायरची हवाही आधी बघावी. मोटोक्रॉस गाडीत १२ ते १४ पीएसआय चालते. ट्यूब असलेल्या ड्युअल-पर्पज गाडीत दगडगोट्यांवर त्याहून जास्त ठेवावी लागते, नाहीतर रिम ठोकून ट्यूब चिमटते. रस्त्यासाठी भरलेल्या ३२ पीएसआयवर मुरमात जाऊन शॉकअपला दोष देणारे आम्ही पाहतो.

मग मोजमाप. गाडी खोक्यावर किंवा स्टॅण्डवर अशी उभी करावी की मागचे चाक जमिनीपासून पूर्ण सुटेल. मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डवर किंवा बाजूच्या पॅनलवर एक पक्की खूण करावी आणि अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावे. समजा ते ६०० मिमी आले. आता गाडी चाकांवर उतरवून, मागून दोन-तीनदा दाबून सोडावी आणि पुन्हा मोजावे. समजा ५६५. म्हणजे गाडी नुसत्या स्वतःच्या वजनाने ३५ मिमी बसली; हा स्टॅटिक सॅग. नंतर चालकाने पूर्ण पोशाखात गाडीवर चढून फूटपेगवर उभे राहायचे, नेहमी चालवतो तसे. एकाने हॅण्डल धरायचे, दुसऱ्याने मोजायचे. पहिल्या ६०० मधून हा आकडा वजा केला की येतो तो रायडर सॅग. पूर्ण पोशाखात म्हणजे खरोखर पूर्ण : हेल्मेट, बूट, गार्ड मिळून सात-आठ किलो सहज होतात, पाठीवर दोन लिटर पाण्याची पिशवी असेल तर आणखी दोन. टाकीत पेट्रोल नेहमीइतके हवे, कारण दहा लिटर पेट्रोल म्हणजे साडेसात किलो. चपला घालून, टी-शर्टवर मोजलेला सॅग मैदानात लागू पडत नाही. रबर सील आणि बुशिंगच्या घर्षणामुळे आकडा थोडा फसवतो, म्हणून एकदा गाडी दाबून सावकाश वर येऊ द्यावी आणि मोजावे, एकदा वर उचलून सावकाश खाली बसू द्यावी आणि मोजावे, आणि दोन्हींची सरासरी घ्यावी.

ज्या गाडीच्या मागच्या चाकाची वर-खाली एकूण हालचाल सुमारे ३०० मिमी आहे, तिथे रायडर सॅग १०० ते १०५ आणि स्टॅटिक ३० ते ४० मिमी हवा. बाकी गाड्यांना सोपा हिशेब : रायडर सॅग एकूण हालचालीच्या ३० ते ३३ टक्के, स्टॅटिक १० ते १५ टक्के. हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही घेतली तर तिच्या साध्या आवृत्तीत मागची हालचाल १७० मिमी आहे, म्हणजे चालकासह ५१ ते ५६ मिमी बसायला हवी. प्रो आवृत्तीत मागे २२० मिमी आहेत, तिथे ६६ ते ७३. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० ला पुढे-मागे २०० मिमी आहेत, तर साधारण ६० ते ६६. हे आकडे लहान आहेत, त्यामुळे मोजताना चार मिलिमीटरची चूकही महागात पडते.

सॅग जास्त आला तर प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंगला आधीच दाबून ठेवणारी, रिंग आवळायची, कमी आला तर ढिली करायची. रिंगेच्या आट्यांत चिखल सुकून दगड झालेला असतो, तो ब्रश आणि रॉकेलने आधी साफ करावा. सी-पाना वापरावा. छिनी आणि हातोडीने रिंग ठोकायची सवय आपल्याकडे फार आहे. ॲल्युमिनियमच्या रिंगेचे दात त्यात जातात आणि पुढच्या वेळी ती कोणालाच फिरवता येत नाही. मोठ्या मोटोक्रॉस गाडीत एक पूर्ण फेरा म्हणजे सॅगमध्ये सुमारे तीन-चार मिमीचा फरक.

आता खरा मुद्दा. समजा वरच्याच गाडीवर चालक चढला आणि आकडा ४८३ आला. म्हणजे रायडर सॅग ११७. लक्ष्य १०२ आहे, म्हणून चार-पाच फेरे आवळून तो १०२ वर आणला. बहुतेक जण इथे थांबतात. पण आता चालक उतरल्यावर स्टॅटिक पुन्हा मोजा : तोही पंधराने घटून २० वर आलेला असेल. ही धोक्याची खूण आहे. रायडर सॅग बरोबर आणि स्टॅटिक फार कमी, याचा अर्थ स्प्रिंग या माणसाला मऊ आहे. ऐकायला उलटे वाटते, पण कारण साधे आहे. स्प्रिंग म्हणजे तानकाटाच. किती वजनाला किती दबायचे हे तिचे ठरलेले. चालक चढल्याने गाडी आणखी किती बसते, इथे ८२ मिमी, ते चालकाचे वजन आणि स्प्रिंगची ताकद यांवर अवलंबून आहे. रिंग फिरवून तो फरक जवळपास बदलत नाही, फक्त दोन्ही आकडे मिळून वर-खाली सरकतात. तो फरक ६५-७० च्या आसपास असायला हवा. मऊ स्प्रिंग आवळून आवळून जागेवर आणली की ब्रेक मारताना मागचे चाक पूर्ण सुटून वर ठोकते, आणि मोठ्या खड्ड्यात मात्र स्प्रिंग तितकीच दुबळी राहते. उलट ५५ किलोच्या मुलाच्या गाडीत स्टॅटिक ५० झाल्याशिवाय रायडर सॅग १०२ येत नसेल, तर स्प्रिंग त्याला कडक आहे. दोन्ही वेळी उपाय एकच, योग्य रेटची, म्हणजे योग्य ताकदीची, स्प्रिंग. तिचा आकडा न्यूटन प्रति मिमी किंवा किलो प्रति मिमीत असतो. एक किलो प्रति मिमी म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन.

स्प्रिंग विकत घ्यावी लागते हे ऐकून आपल्याकडे जुगाड सुरू होतात. फोर्कच्या स्प्रिंगवर वॉशर किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा टाकणे हा त्यातला सर्वांत जुना. त्याने प्रीलोड वाढतो, रेट नाही. म्हणजे वर सांगितलेला आजारच वाढतो. दुसरा, स्प्रिंगचा एक वेढा कापणे. वेढे कमी झाले की रेट खरोखर वाढतो, ते खोटे नाही, पण कापलेले टोक सपाट बसत नाही, बूड एका बाजूला टेकते, स्प्रिंग वाकून आतली नळी घासते आणि धातूचा चुरा ऑइलमध्ये उतरतो. तिसरा आणि सर्वांत वाईट म्हणजे फोर्कमध्ये २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल भरणे. जाड ऑइलने फोर्क पार्किंगमध्ये दाबून बघताना 'भारी' वाटतो, पण दाबला जाताना आणि परत येताना दोन्ही वेळा तो सुस्तावतो. फोर्क ऑइलवरच्या ५डब्ल्यू, १०डब्ल्यू या आकड्यांवरही डोळे झाकून भरवसा ठेवू नये. एका कंपनीचे ५डब्ल्यू दुसऱ्या कंपनीच्या साडेसातएवढे जाड असू शकते. डब्याच्या मागे किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ४० अंशांवरचा दाटपणा (व्हिस्कॉसिटी) सेंटीस्टोकमध्ये दिलेला असतो, तुलना त्याची करावी.

'गाडी कडक आहे' ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गाडी प्रत्यक्षात मऊ असते, हे इथे ठासून सांगावेसे वाटते. मऊ स्प्रिंगवर जड माणूस बसला की चाकाची सुरुवातीची सगळी सुखाची हालचाल बसण्यातच संपते. गाडी सतत खालच्या भागात चालते, जिथे लिंकेज आणि फोर्कमधली हवा दोन्ही कडक होत गेलेली असतात. प्रत्येक गोटा मनगटात लागतो. मग चालक म्हणतो कडक आहे, दुकानदार कॉम्प्रेशनचा, म्हणजे दाबले जाण्याला होणाऱ्या विरोधाचा, स्क्रू ढिला करून देतो, आणि गाडी आणखी खोल बसून आणखी कडक लागते.

सॅग आणि स्प्रिंग जमल्यावरच क्लिकरकडे, म्हणजे कॉम्प्रेशन आणि रिबाउंड कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूंकडे, वळावे. एक्सपल्सच्या साध्या आवृत्तीसारख्या गाड्यांना क्लिकर नसतातच. त्यांच्या मालकांना सॅग, स्प्रिंग आणि फोर्क ऑइल एवढेच हातात आहे, आणि तेवढ्यानेही गाडी ओळखू येणार नाही इतकी सुधारते. ज्यांना क्लिकर आहेत त्यांनी आधी घड्याळाच्या दिशेने अलगद पूर्ण बंद करून क्लिक मोजावेत आणि कुठून सुरुवात केली ते लिहावे. अलगद म्हणजे दोन बोटांनी; जोर लावला तर आतल्या सुईची बैठक खराब होते. मग एका वेळी एकच गोष्ट, दोन क्लिक, आणि पुन्हा तीच फेरी, त्याच वेगाने. चार स्क्रू एकदम फिरवले तर कशाने काय झाले हे कळायला मार्ग उरत नाही. शॉकअपवर 'हाय स्पीड' आणि 'लो स्पीड' असे दोन कॉम्प्रेशन असतील, तर त्या स्पीडचा गाडीच्या वेगाशी संबंध नाही. शॉकअपचा रॉड किती झपाट्याने आत जातो, त्याचा आहे. ताशी ३० किलोमीटरने चालताना धारदार दगडावर चाक आदळले तर तो हाय स्पीड. ब्रेक मारताना फोर्क सावकाश खाली जातो तो लो स्पीड.

रिबाउंड, म्हणजे दाबलेले चाक परत खाली किती वेगाने येते, यात सर्वांत जास्त गल्लत होते. तो फार वेगवान असेल तर ब्रेकिंगच्या खळग्यांत मागचे चाक लाथ मारते आणि उडी घेताना शेपूट वर जाते. फार सावकाश असेल तर खळग्यांच्या रांगेत चाक पहिल्या खळग्यातून पूर्ण बाहेर येण्याआधी दुसरा येतो, मग तिसरा. गाडी पायरी-पायरीने खाली बसत जाते आणि शेवटी दगडासारखी लागते. हेही 'कडक' म्हणूनच जाणवते आणि लोक चुकीचा स्क्रू ढिला करतात. ओळखायचे असे : पहिल्या एक-दोन खळग्यांत गाडी ठीक वाटते आणि पाचव्या-सहाव्यात आपटते, तर रिबाउंड दोन क्लिक उघडून बघावे. पहिल्याच खळग्यात हात झिणझिणले तर कॉम्प्रेशनकडे बघावे.

वळणावर पुढचे चाक आत कोसळायला लागले, सरळ रस्त्यावर वेगात हॅण्डल थरथरू लागले, तर पुढची बाजू खाली आणि मागची वर आहे. मागचा सॅग कमी असेल किंवा फोर्क त्याला धरणाऱ्या क्लॅम्पमधून जास्त वर काढलेला असेल. गाडी वळणातून बाहेर ढकलली जात असेल, तर उलटे. फोर्क क्लॅम्पमध्ये तीन ते पाच मिमी सरकवला तरी फरक कळतो. पण थरथर जाणवली की स्टिअरिंगचे बेअरिंग ढिले नाही ना, हे आधी बघावे.

फोर्कच्या दोन गोष्टी राहून जातात. पुढचे चाक काढून बसवल्यावर ॲक्सलचे नट आवळावे, ॲक्सल चिमटून धरणारे खालचे पिंच बोल्ट ढिले ठेवून, गाडी जमिनीवर उभी करून, पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबावा आणि मगच पिंच बोल्ट आवळावेत. तसे न केल्यास दोन पाय एकमेकांना समांतर राहत नाहीत आणि फोर्क अडकत चालतो. ट्रिपल क्लॅम्पचे बोल्टही जीव खाऊन आवळू नयेत. पुष्कळ अपसाइड-डाऊन (जाड नळी वर असलेल्या) फोर्कना खालच्या क्लॅम्पवर १२ ते २० न्यूटन-मीटर एवढेच पुरते. जास्त झाले की बाहेरची नळी चिमटून आतले बुशिंग आवळले जाते. टॉर्क रेंच नसेल तर उसना आणावा, पण अंदाजाने करू नये. स्प्रिंगवाल्या फोर्कवर हवा सोडायचा स्क्रू असेल, तर चाक अधांतरी ठेवून तो चालवण्याआधी क्षणभर उघडावा. नागपूरच्या मे महिन्यात दोन तास उन्हात चालवलेल्या फोर्कमध्ये अडकलेली हवा फुगून सुरुवातीची हालचाल ताठ करते. हवेच्या स्प्रिंगचे फोर्क वेगळे, तिथे मुख्य दाब पंप लावून मोजूनच ठेवायचा.

हालचाल पूर्ण वापरली जाते का, हे बघायला फोर्कच्या चकचकीत नळीवर एक पातळ प्लॅस्टिकची झिप टाय बांधावी. दिवसातल्या सर्वांत मोठ्या ठोक्याला ती जवळजवळ शेवटापर्यंत गेली तर ठीक. सारखी शेवटाला आपटत असेल तर फोर्क ऑइलची पातळी पाच मिमीने वाढवावी; आतली हवा कमी झाल्याने शेवटचा भाग कडक होतो, सुरुवात तशीच राहते. कधीच शेवटाजवळ जात नसेल, तर ज्या हालचालीचे पैसे मोजले ती वापरलीच जात नाही.

आपल्या जमिनीचा स्वभावही हिशेबात घ्यावा लागतो. पावसाळ्यात काळी माती मडगार्डखाली, इंजिनवर, चाकांत थर धरते आणि गाडी कित्येक किलोंनी जड होते. अशा दिवशी मागचा प्रीलोड अर्धा-एक फेरा वाढवावा आणि कोरड्यात परत घ्यावा. हीच माती नळीवर सुकली की सीलची कड कापते आणि ऑइल गळू लागते. गळले म्हणजे लगेच सील गेले असे नाही. धूळपुसणी खाली सरकवून कॅमेऱ्याच्या फिल्मसारखी पातळ, स्वच्छ प्लॅस्टिकची पट्टी सीलभोवती फिरवली तर अडकलेला कण निघतो आणि पुष्कळदा गळती थांबते. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा सील आणि लिंकेजवर थेट मारू देऊ नये.

एका गोष्टीबद्दल कळकळीने सावध करायचे आहे. मागच्या शॉकअपच्या डब्यात नायट्रोजन साधारण १० बार, म्हणजे सुमारे १५० पीएसआय दाबाने भरलेला असतो. तो पूर्ण सोडल्याशिवाय शॉकअप उघडणे, त्यावर वेल्डिंग करणे, त्याला भोक पाडणे जिवावर बेतू शकते. पेट्रोल पंपावर टायरसाठी मिळणारा नायट्रोजन इथे उपयोगाचा नाही, त्याला तेवढा दाब नसतो. साध्या कॉम्प्रेसरची हवा भरली तर तिच्यातली ओल आणि प्राणवायू ऑइल खराब करतात. डब्यातली जागा इतकी लहान असते की नळी काढतानाच दाब निम्म्यावर येऊ शकतो, म्हणून वाल्व्ह आधी बंद करणारा खास चक लागतो. ही साधने ज्याच्याकडे नाहीत, त्याने शॉकअप उघडू नये. ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे कुरिअरने पाठवणे बरे.

गाडी विकणाऱ्या दुकानांना आमची विनंती आहे की गाडी ताब्यात देताना गिऱ्हाइकाला पोशाखासह वजन विचारावे आणि त्याच्यासमोर सॅग मोजून आकडा जॉबकार्डावर लिहून द्यावा. शर्यती भरवणाऱ्यांनी तपासणीच्या मंडपात एक वजनकाटा, एक स्टॅण्ड आणि एक सी-पाना ठेवावा. मुलांच्या शर्यतीत हे फार गरजेचे आहे; मुलाचे वजन वर्षात पाच-सात किलोंनी वाढते आणि गाडी मात्र गेल्या वर्षीच्या मुलासाठी लावलेली राहते. आयटीआयमध्ये दुचाकीचे काम शिकवणाऱ्या शिक्षकांनीही हे अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक जरूर घ्यावे. गाडी लहान मुलाला किंवा बुटक्या चालकाला पाय टेकावेत म्हणून लिंक बदलून खाली आणली असेल, तर लिंकेजचा हिशेबच बदलतो. तिथे फोर्कही त्या प्रमाणात सरकवून सगळे मोजमाप नव्याने करावे लागते.

नवी स्प्रिंग आणि नवी सील पहिल्या काही तासांत बसतात, म्हणून पाच तासांनी सॅग पुन्हा मोजावा. नव्या गाडीचे फोर्क ऑइल पहिल्या दहा-पंधरा तासांनी बदलावे, कारण बुशिंगचा चुरा त्यातच उतरतो. नंतर शर्यतीच्या वापरात तीस-चाळीस तासांनी. तारीख, तास, दोन्ही सॅग, क्लिक आणि ऑइलची पातळी एअर फिल्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने लिहून ठेवावी.

कळावे,

आपले,
ऑफ-रोड दुचाकी चालवणारे व दुरुस्त करणारे काही वाचक, नागपूर